बंबात न गेलेली वही

कॉलेजात सतरा वर्षं काढली असं मी सांगितलं की नवे पाव्हणे खुर्चीत जरा सावरून बसतात. मग मी हळूच सांगतो, शिपाई होतो. शिक्षण सातवी, तेही गावच्या शाळेत, आणि सातवीला दोन खेपा. पण घंटा माझ्या हातात होती. मी टोल दिल्याशिवाय प्राचार्यांनासुद्धा डबा उघडता येत नसे, हेही तितकंच खरं.

आमचं कॉलेज येडगावच्या धरणाच्या अंगाला, माळावर. नाव लिहीत नाही. संस्थेची माणसं अजून लग्नाकार्यात भेटतात आणि पंगतीला शेजारी बसावं लागतं. घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, कडुनिंबाला तारेनं टांगलेला. तो तुकडा कुठून आणला हे विचारलं तर संस्थेचे अध्यक्ष विषय बदलायचे. असो. राजरत्न सरांची गोष्ट त्या घंटेपासूनच सुरू होते.

साल त्र्याण्णव. डिंगोऱ्याचा हा तरुण पुण्याहून फिजिक्स घेऊन एम. एस्सी. होऊन आला. अंगानं काटकुळा, पायात साधी चप्पल, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक काळं. घरचे बौद्ध, थोडी जिरायत जमीन. वडील लवकर गेले, आई जानकाबाईनं वाढवलं. आमचे प्राचार्य कुंडलिकराव हे त्यांचे शाळेतले मास्तर. त्यांनीच निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. सध्या तासावर ये, जूनला जागा भरू, असं म्हणाले होते. तासावर म्हणजे तास घेतला तेवढ्यापुरता मास्तर. सुट्टी लागली की मास्तरकी खुंटीला. ऑर्डर तोंडी. आणि जून कुठल्या सालचा, ते काही कुंडलिकराव बोलले नव्हते. आपल्या मास्तरांना असं विचारायची आमच्याकडं रीत नाही.

पहिल्याच डिसेंबरातली गोष्ट. सकाळची साडेसातची घंटा दिली आणि सर व्हरांड्यात उभे होते. मी आपला गप्पिष्ट माणूस. म्हटलं, सर, एक कोडं हाय. थंडीत सकाळी मी टोल दिला की धरणाच्या पल्याड माझ्या मेव्हण्याला ऐकू जातो. तो म्हणतो, दाजी, आज दोन मिनिटं उशीर केला. आणि उन्हाळ्यात दुपारी तोच टोल, तोच हात, तर आपल्याच गेटवरचा पानवाला म्हणतो, घंटा झाली का वो? माझा हात उन्हानं ढिला पडतो का काय?

दुसरा कोणी असता तर हसून वर्गात गेला असता. सर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "सोमाकाका, हा प्रश्न मला द्याल का?"

मागून न्यावा असा जिन्नस माझ्याकडं आहे, हे मला पहिल्यांदा कळलं. दिला. त्यांनी वर्गात जाऊन रोजची तासांची वही उघडली. कोणता वर्ग, काय शिकवलं, कोणी शिकवलं असे रकाने होते. समास सोडला होता तिथं आणखी एक रकाना आखला आणि लिहिलं: "आजचा प्रश्न. आणणारे: सोमाजी, घंटेवाले." मी दारातून बघत होतो. शिपाई नाही लिहिलं. घंटेवाले लिहिलं.

मग पोरांना समजावलं. आवाज थंड हवेकडं वळतो. थंडीत सकाळी जमिनीलगतची हवा गार, वरची त्या मानानं ऊबदार. म्हणून आवाज वर निसटत नाही, वाकून खाली येतो आणि पाण्यावरून लांब जातो. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापलेली, मग तोच आवाज वर पळतो. मी संध्याकाळी मेव्हण्याकडं मुद्दाम जाऊन हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, दाजी, तुमी आता लेक्चर द्या, घंटा मी देतो.

त्या दिवसापासून रीत पडली. रोज हजेरीच्या नंबरानं एका पोरानं किंवा पोरीनं घरून प्रश्न आणायचा. पुस्तकातला चालायचा नाही. चुलीतला, विहिरीतला, गोठ्यातला पाहिजे. तास सुरू व्हायच्या आधी उभं राहून विचारायचा, सर वहीत लिहिणार. काय एकेक प्रश्न आले, राव! भाकरीचा वरचा पदरच का सुटतो. पाटाचं पाणी उथळ दिसतं आणि पाय घातला की कंबरभर का निघतं. एकानं विचारलं, आमची म्हैस आईलाच दूध देते, मला का देत नाही? वर्ग खिदळला. सर म्हणाले, हे फिजिक्स नाही, पण प्रश्न खरा आहे, आणि लिहून घेतला. स्वतःला उत्तर आलं नाही तर लाल शाईनं "उत्तर बाकी" लिहायचे, शनिवारी एस.टी.नं पुण्याला जाऊन युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसायचे आणि सोमवारी ती बाकी फेडायचे. मास्तराला येत नाही हे मास्तरानंच फळ्याजवळ उभं राहून कबूल करायचं, हे मी दुसऱ्या कुठल्या वर्गात पाहिलं नाही. बाकीच्या वर्गांत गाईड होतं. मास्तर गाईडातून सांगायचे, पोरं गाईडातून लिहायची, आणि गाईड छापणारा पुण्यात सुखी होता.

महिनाअखेरीला कुंडलिकराव त्या वहीवर सही करायचे. प्रश्नांचा रकाना बघून हसायचे. "राजरत्ना, शाळेत बी तू असाच व्हतास," म्हणायचे. मला ते हसणं आवडायचं. अजून सांगतो, त्या वेळी ते हसणं खरंच होतं.

जून येत होते, जात होते. सरांसाठी सोयरीक घेऊन येणारे पाव्हणे चहा प्यायचे, पोरगा काय करतो विचारायचे, प्राध्यापक म्हटलं की मान डोलवायचे आणि मग कप खाली ठेवता ठेवता विचारायचे, परमनंट का? एकदा जानकाबाई कॉलेजवर आली. कपाळ मोकळं, डोक्यावर पदर, हातात भाकरीचं फडकं. सरांनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि तास घेतला. तासभर हलली नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, काय जानकाबाई, कळलं का? म्हणाली, समदं न्हाई, पण पोरं झोपली न्हाईत येवढं कळलं. आणि लेकाकडं वळून म्हणाली, "मला एक सांग. तू मास्तर हायेस, का मास्तरावानी?"

सर हसले. पण वहीत लाल शाईनं "उत्तर बाकी" लिहावं असा तो प्रश्न होता.

सत्त्याण्णव साली ते सेट की काय ती परीक्षा पास झाले. आता कायम नेमणुकीला कागद पुरा झाला. साताऱ्याकडच्या एका कॉलेजातून मुलाखतीचं पत्र आलं, मुलाखत झाली, रुजू व्हा असं पत्रही आलं. कुंडलिकरावांनी ते हातात घेऊन वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. म्हणाले, जा, मी अडवणार नाही. पण ही धरणाकाठची पोरं कुणाच्या भरवशावर? आपली जागा मंजुरीला गेली आहे, थोडी कळ काढ. सर साताऱ्याला गेले नाहीत. मला वाटतं जानकाबाईला त्यांनी हे बरेच महिने सांगितलंसुद्धा नाही.

अशी अकरा वर्षं झाली. मग कमिटी यायचं ठरलं.

दोन हजार चारचा जानेवारी. तोवर सरकारनं ठरवलं होतं, कॉलेजांचा दर्जा सुधारायचा. म्हणजे तज्ज्ञ मंडळी येणार, दोन दिवस राहणार, सगळं तपासून ग्रेड देणार. चांगली ग्रेड मिळाली तर नव्या जागा, नवी लॅब, बी. एस्सी.ला फिजिक्सचा खास विषय. वाईट मिळाली तर नाचक्की. बरं, दर्जा सुधारायचा तर कुणाला आनंद होणार नाही? मीसुद्धा घंटेला चंदेरी रंग दिला. अध्यक्षांनी कुठून तरी दोन ट्रॅक्टर भरून पुस्तकं आणली. परत न्यायची म्हणून त्यांचे गठ्ठे सोडले नाहीत, नुसते कपाटात उभे केले. बागेत फुलझाडं लागली ती कुंड्यांसकट जमिनीत पुरलेली, म्हणजे काढायला सोपी. मी हसत होतो. मला वाटलं, लग्नाला उसने दागिने घालतात, तसंच हे.

चहा घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेलो तर सर समोर उभे. कुंडलिकराव समजावत होते. कमिटी आधी बघते, नेमणुकीचे मास्तर किती आणि तासावरचे किती. फिजिक्सचे सगळे तास तासावाल्याच्या नावानं दिसले तर ग्रेड गेली. म्हणून मागच्या पाच वर्षांच्या वह्या नव्यानं लिहायच्या, आणि "कोणी शिकवलं" या रकान्यात सुदर्शनचं नाव घालायचं. सुदर्शन हा अध्यक्षांचा भाचा. संस्थेच्या आंबेगाव तालुक्यातल्या शाखेत अकरावी-बारावीला शिकवायचा. पोरगा वाईट नव्हता, पण आमच्या कॉलेजात तोवर फक्त गॅदरिंगला आलेला.

"दोन दिवसांचं नाटक हाय, राजरत्ना," कुंडलिकराव म्हणाले. "ग्रेड आली की जागा आली, आन जागा तुझीच. तुझं अक्षर मोत्यावानी, तूच उतरवून काढ. दुसऱ्याला दिलं तर घोळ करील."

आणि सरांनी उतरवून काढलं. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. माझी नात आरती तर म्हणते, आजोबा, इतका शिकलेला माणूस असं करेलच कसं? बाळे, ज्यानं आपल्याला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं, त्यानं अक्षर मागितलं. आमच्याकडं त्याला नाही म्हणत नाहीत. चूक म्हण, खुळेपणा म्हण. अकरा दिवस, तास संपले की लॅबमध्ये बसून त्यांनी पाच वर्षं पुन्हा लिहिली. वही जुनी दिसावी म्हणून कधी निळं पेन, कधी काळं. प्रश्नांचा रकानाही तसाच उतरवला, एकाही पोराचं नाव गाळलं नाही. मी चहा ठेवताना म्हटलं, सर, जगातलं सगळं बरोबर लिहिताय, तेवढं आपलं नाव सोडून. ते म्हणाले, "काका, युनिव्हर्सिटीच्या पेपरातही नाव झाकतात, नुसता नंबर ठेवतात. मार्क ज्याचे त्यालाच मिळतात."

जुन्या वह्या मला दिल्या. पाचच नव्हेत, त्र्याण्णवपासूनच्या सगळ्या. कुंडलिकराव म्हणाले, होस्टेलच्या बंबात घाल, घोटाळा नको. एकेक वही फाडून घातली. त्या सकाळी होस्टेलच्या पोरांना कधी नव्हे ते कढत पाणी मिळालं. पण पहिली वही मी सदऱ्याच्या आत सारली. सरांसाठी नव्हे, खोटं कशाला सांगू. तिच्यात माझं नाव होतं.

कमिटी फेब्रुवारीत आली. तिघेजण, त्यांत एक वयस्कर बाई, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. आमचं सायन्स सकाळच्या सत्रात. थंडी मजबूत होती. सरांना घरीच थांबायला सांगितलं होतं, पण लॅबमधलं एकेक यंत्र त्यांच्या हाताशिवाय चालत नसे. म्हणून त्यांना वर्गामागच्या स्टोअररूममध्ये बसवलं, दार लोटून. वर्गात फळ्याशी सुदर्शन. पोरांना आठवडाभर पढवलं होतं, हेच तुमचे सर.

सगळं पढवलं, पण सवय काढायची राहून गेली. सुदर्शननं खडू उचलला आणि तेजस्विनी उभी राहिली. तिचा नंबर होता. येडगावचीच, घरची द्राक्षबाग. म्हणाली, "सर, आजचा प्रश्न. थंडीचा कडाका पडला की वडील पहाटे बागेला पाणी सोडतात. बाग गारठू नये म्हणून गार पाणी कसं सोडतात?"

सुदर्शन म्हणाला, ते सिलॅबसमध्ये नाही. पण बाई पुढं वाकून बसल्या. इथं रोज असं होतं का, विचारलं. पोरं म्हणाली, रोज. मग उत्तर ऐकू या, बाई म्हणाल्या. सुदर्शनच्या कपाळावर त्या थंडीत घाम. कुंडलिकराव माझ्याकडं बघायला लागले, जणू मीच फिजिक्सचा.

तेवढ्यात स्टोअररूमचं दार बोटभर उघडलं. आतून थर्मामीटर आणि चिठ्ठी माझ्या हातात. हळूच म्हणाले, विहिरीवरून ताजी बादली आणा, पळा. या वयात मी जसा पळालो तसा माझ्या लग्नातही पळालो नव्हतो. बादली टेबलावर, चिठ्ठी सुदर्शनच्या हातात. त्यानं वाचली आणि बिचाऱ्यानं नीट केलं. थर्मामीटर खिडकीबाहेर धरला, तेरा. बादलीत घातला, चोवीस. म्हणाला, बघा, आपण ज्याला गार म्हणतो ते विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कितीतरी ऊबदार आहे. ते बागेला ऊब देतं, आणि ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. तेजस्विनी खाली बसली. पण ती सुदर्शनकडं बघत नव्हती, स्टोअररूमच्या दाराकडं बघत होती.

बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, देशभर कॉलेजं पाहिली, पोरं प्रश्न विचारताना क्वचित दिसली. ही पद्धत कोणी सुरू केली?

वर्गात चाळीस पोरं. त्या पोरांना सांगितलं होतं, ग्रेड आली तर बी. एस्सी.चं फिजिक्स इथंच उघडेल. तेजस्विनीचा बाप तिला पुण्याला पाठवणार नव्हता हे सगळ्यांना ठाऊक. चाळीसच्या चाळीस गप्प. मी बादलीशेजारी गप्प. स्टोअररूमचं दार गप्प. कुंडलिकराव म्हणाले, "आमचे सुदर्शन सर. बरीच वर्षं चालवतात."

बाईंनी ते लिहून घेतलं.

ग्रेड चांगली आली. हलगी लावून मिरवणूक निघाली, गुलालानं माझा सदरा गेला. व्हरांड्यात काचेची फ्रेम लागली: "घरचा प्रश्न, उपक्रम प्रमुख प्रा. सुदर्शन". खाली कुलपाची पेटी, छापील फॉर्म. प्रश्न फॉर्मवर लिहून पेटीत टाकायचा, महिन्यानं पेटी उघडणार. पहिल्या महिन्याला मी उघडली तर आत तीन फॉर्म आणि गुटख्याच्या दोन पुड्या. तिसऱ्या महिन्याला नुसत्या पुड्या.

सर अजून तास घेतच होते. खूश होते, हे विशेष. मला म्हणाले, काका, जागा मंजूर झाली, जाहिरात आली.

जूनमध्ये मुलाखत झाली. मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन, म्हणून सगळं ऐकलं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी सरांना दोन प्रश्न विचारले, सरांनी चांगली उत्तरं दिली. मग अनुभव विचारला. सर म्हणाले, अकरा वर्षं, इथंच. त्यांनी फाईल चाळली, वह्या चाळल्या. इथं तर हे सगळे तास सुदर्शन यांनी घेतलेत, ते म्हणाले. सरांनी कुंडलिकरावांकडं पाहिलं. कुंडलिकराव खिडकीतून बाहेर, माझ्या कडुनिंबाकडं बघत होते. सर म्हणाले, वहीतलं अक्षर माझं आहे.

तो गृहस्थ अगदी सरळपणे म्हणाला, "अक्षर तुमचं आहे? म्हणजे तुम्ही इथं क्लार्क होता का?"

मी ट्रे तसाच परत नेला. बारा कप चहा मोरीत ओतला.

जागा सुदर्शनला मिळाली. सरांना पुढच्या सोमवारी तासही मिळाले नाहीत. कुंडलिकराव त्यांना भेटलेच नाहीत, मीटिंगमध्ये होते. त्या आठवड्यात ते जितक्या मीटिंगा करत होते तितक्या सतरा वर्षांत केल्या नसतील.

सरांनी युनिव्हर्सिटीत अर्ज केला. तिथल्या साहेबानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, प्राचार्यांच्या सहीचा, तुम्ही शिकवत होता हे सांगणारा एक कागद आणा. एकच पुरे. मानधनाचे कागद ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली कुंडलिकरावांकडं. पोरं साक्ष द्यायला तयार होती, तेजस्विनी तर रडत आली होती. पण पोरांच्या तोंडच्या शब्दाला तिथं टेबल नसतं.

म्हणून ते माझ्या घरी आले. दुपारची वेळ, मी पडवीत टोमॅटोचे फुटके क्रेट तारेनं सांधत होतो. बाजेवर बसले. म्हणाले, "काका, वह्या तुम्हीच जाळल्या. एखादी राहिली असेल का? कुठली पण."

वही दहा पावलांवर होती. आतल्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत, बायकोच्या लुगड्यांखाली. त्र्याण्णव सालची, दर महिन्याला कुंडलिकरावांची सही, प्रत्येक ओळीत राजरत्न सरांचं नाव. आता मी तुम्हाला हेही सांगतो की त्याच आठवड्यात कुंडलिकरावांनी मला बोलावून सांगितलं होतं, सोमाजी, दोन वर्षांनी तू रिटायर होशील, तुझ्या जागी तुझ्या पोराला, बहिरूला घेऊ. फक्त या भानगडीत पडू नको.

म्हटलं, "न्हाई सर. समद्या बंबात गेल्या."

ते उठले. पाणी ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. माझी बायको साळुबाई दाराआड उभी होती. ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर म्हणाली, "येवढी वर्सं टोल दिलं. आन खरा टोल द्यायची येळ आली तवा हात आखडला व्हय?"

मी काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही, आणि माझा विनोद मला आठवत नाही असं सहसा होत नाही.

दोन हजार सहाला मी रिटायर झालो. शाल मिळाली, नारळ मिळाला. बहिरूच्या जागी अध्यक्षांच्या ड्रायव्हरचा मेव्हणा लागला. मी कुंडलिकरावांकडं गेलो तर ते म्हणाले, सोमाजी, जागा वरून भरली, माझ्या हातात काय होतं? आता मला हसू आलं. अगदी मोठ्यानं. आपल्याला फसवणाऱ्या माणसाला आणखी कुणीतरी फसवावं आणि त्यानं ते आपल्याच तोंडावर सांगावं, यासारखी मजा नाही. पण हसू घरापर्यंत टिकलं नाही. घंटा काढून विजेची बेल लावली होती, आणि बी. एस्सी.च्या वर्गात तेजस्विनी खाली मान घालून सुदर्शनच्या नोट्स उतरवून घेत होती. मी खिडकीतून पाहिली. ती वर्षभरच तिथं राहिली, मग तिचं लग्न झालं.

सर पारगावला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागले आहेत असं कळलं होतं. हंगामापुरते पहिल्यांदा, मग कायम. म्हणजे परमनंट झाले ते तिथं. लग्नही झालं. दोन हजार आठच्या जानेवारीत मी पत्र्याची पेटी उघडली, वही काढली आणि पहिल्या एस.टी.नं पारगावला गेलो. साळुबाईनं विचारलं, आता कशाला? मी म्हटलं, बघू.

उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, मळीचा वास, कुडकुडणारी सकाळ. लॅबमध्ये सर पांढऱ्या कोटात, काचेच्या नळीत उसाचा रस घेऊन त्यात गोडी मोजायचा काटा सोडत होते. केस कानशिलाशी पिकलेले. बसा म्हणाले. मी वही टेबलावर ठेवली.

त्यांनी डिसेंबरचं पान उघडलं. "आणणारे: सोमाजी, घंटेवाले." पानं उलटत गेले. महिनाअखेरीच्या सहीवर बोट ठेवलं आणि ते बोट बराच वेळ उचललं नाही.

"म्हणजे ही होती," ते म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. बंब, सदरा, पेटी, बहिरू, दहा पावलं. एरवी मला गोष्ट सांगायला आवडते, पण ही सांगताना मी सारखा थांबत होतो. ते रसातल्या काट्याकडं बघत ऐकत होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी काट्याचा आकडा वाचला आणि कारखान्याच्या वहीत लिहिला. अक्षर तेच, मोत्यासारखं. पुढं सहीचा रकाना होता, तिथं स्वतःची सही केली.

आमची वही मधेच उघडी पडली होती. घेऊन जा म्हणाले नाहीत, राहू द्या म्हणाले नाहीत. थर्मासमधून कपभर चहा ओतून माझ्यापुढं सरकवला.

"घ्या, पावणं," ते म्हणाले. "आता भोंगा होईल. पाळी सुटली की गाडीत जागा मिळायची नाही."

अकरा वर्षं काका म्हणत होते. मी चहा प्यायलो. तेवढ्यात आठचा भोंगा झाला. बाहेर हवा गार होती, जमिनीलगत धुकं होतं. आवाज कुठवर गेला असेल ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.